दार बंद, पण दप्तर कोणाच्या हाती?

विधिमंडळाची एखादी समिती दार लावून बसते, तेव्हा आत कोण कोण असते, असे कोणी विचारले तर आपण सहज सांगू : अध्यक्ष, सदस्य आणि ज्यांची साक्ष घ्यावयाची ते अधिकारी. या उत्तरात एक मनुष्य हटकून राहून जातो. मेजाच्या एका टोकाला तो वही घेऊन बसलेला असतो. मध्येच एखादा सदस्य उठून बाहेर जातो, एखाद्याला डुलकी लागते, साक्षीदार अडखळतो. पण या माणसाची लेखणी थांबत नाही. तो प्रतिवेदक असतो, सचिवालयाचा सेवक असतो. त्याला मत नसते, प्रश्न विचारण्याचा अधिकार नसतो. परंतु त्या खोलीत जे बोलले गेले ते सगळेच्या सगळे ज्याच्यापाशी राहते, असा तो एकटाच मनुष्य होय.

बैठक संपते. सदस्य आपापल्या मतदारसंघाच्या गाडीला लागतात, साक्षीदार आपल्या खात्यात परततो. त्या वहीची टंकलिखित प्रत तयार होते, तिच्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का बसतो आणि ती कपाटात जाते. त्या कपाटाची किल्ली कोणापाशी असावी? सचिवालयातील कोणत्या सेवकाने ती प्रत वाचावी आणि कोणी वाचू नये? सरकारी खात्याला ती मागता येईल काय? समितीतील विरोधी पक्षाच्या सदस्याला दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीचे कागद पाहावयाचे असतील, तर त्याने कोणाकडे जावे? आणि तुम्हा-आम्हाला ते कधी वाचता येतील?

हे प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतात. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ते येत नाहीत, निवडणुकीच्या सभांत त्यांचा उच्चार होत नाही. तथापि ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण कागदपत्रांच्या बाबतीत जितकी खरी ठरते तितकी ती शिकारीच्या बाबतीतही ठरत नसेल. फडणिशीचे महत्त्व जाणणाऱ्या महाराष्ट्राला हे नव्याने सांगावयास नको.

बंद दाराचे समर्थन

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. समित्यांनी दार लावून बसावे यात गैर काही नाही. आपल्याकडे लोकलेखा समिती १९२१ सालापासून आहे, अंदाज समिती १९५० साली आली. १९९३ साली संसदेने निरनिराळ्या खात्यांना जोडलेल्या सतरा स्थायी समित्या नेमल्या आणि २००४ साली त्यांची संख्या चोवीस केली. एकेका समितीत लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा असे एकतीस सदस्य असतात. सभागृहात जे सदस्य एकमेकांवर तुटून पडताना दिसतात, तेच या समित्यांत अनेकदा एकमताने अहवाल लिहितात. याचे एक कारण असे की, तेथे प्रेक्षकांचा सज्जा नसतो. टाळ्या घेण्याचा मोह नसतो. एखाद्या सदस्याला आपले पहिले मत चुकीचे होते असे वाटले, तर दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात आपली फजिती होईल या भीतीवाचून तो ते बदलू शकतो. अधिकाऱ्यालाही मंत्र्याच्या मर्जीची चिंता थोडी बाजूला ठेवून चार खऱ्या गोष्टी सांगता येतात.

म्हणूनच लोकसभेच्या कार्यपद्धतीचा २६६ वा नियम समितीच्या बैठका खाजगी होतील असे सांगतो. समिती विचारविनिमय करीत असेल तेव्हा सदस्य आणि लोकसभा सचिवालयाचे अधिकारी यांच्याखेरीज इतर सर्वांनी बाहेर जावे, असे २६८ वा नियम म्हणतो. आपल्या विधानमंडळातील समित्यांची रीतही याच वळणाची आहे. २७५ व्या नियमाने पुढचे पाऊल टाकले आहे. समितीपुढील तोंडी वा लेखी साक्ष, तिचा अहवाल वा तिचे कामकाज यांपैकी जे सभागृहाच्या पटलावर ठेवले गेलेले नाही, ते सभापतींच्या अनुमतीवाचून कोणालाही पाहता येणार नाही. या नियमामागे जुनी ब्रिटिश परंपरा आहे. निवड समितीपुढील जी साक्ष सभागृहाला सादर झालेली नाही ती कोणी प्रसिद्ध करू नये, असा ठराव ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने २१ एप्रिल १८३७ रोजी केला होता.

परंतु येथेच एक सूक्ष्म भेद आपल्या नजरेतून निसटतो. बैठक बंद असणे ही एक गोष्ट आणि बैठकीचे दप्तर बंद असणे ही दुसरी. बैठक दोन-तीन तासांत संपते. दप्तर शंभर वर्षे टिकते. बैठकीच्या गुप्ततेसाठी जी कारणे पटतात, ती दप्तराच्या गुप्ततेला जन्मभर पुरत नाहीत. शिवाय दप्तर कधीच पूर्णपणे बंद नसते. ते लोकांना बंद असले तरी कोणाला ना कोणाला उघडे असतेच. तो ‘कोणीतरी’ कोण, हे नियमाने ठरवावयाचे की रिवाजाने आणि मर्जीने, एवढाच खरा प्रश्न आहे.

सेवक कोणाचे?

या प्रश्नाचा पहिला भाग आपल्या पूर्वसूरींनी मोठ्या दूरदृष्टीने सोडविला आहे आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. १९२० नंतरच्या मध्यवर्ती कायदेमंडळाला स्वतःचे सचिवालयच नव्हते. सरकारच्या विधी खात्याचे अधिकारी तेथे चिटणिशी करीत. म्हणजे ज्या सरकारला जाब विचारावयाचा, त्याच सरकारच्या नोकराने प्रश्नोत्तरांचे कागद सांभाळावयाचे! १९२५ साली विठ्ठलभाई पटेल त्या कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी या व्यवस्थेवर बोट ठेवले. सरकारने कुरकुर केली. परंतु सभागृह अध्यक्षांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर जानेवारी १९२९ मध्ये कायदेमंडळाचे स्वतंत्र खाते अस्तित्वात आले. त्या खात्याचा सेवक अध्यक्षांना जबाबदार राहिला, सरकारला नव्हे.

पुढे हीच परंपरा दादासाहेब मावळंकरांनी बळकट केली. मावळंकरांचे घराणे मूळ रत्नागिरीकडचे. १९३७ पासून मुंबई विधानसभेचे आणि १९५२ साली पहिल्या लोकसभेचे ते सभापती झाले. संविधानाच्या ९८ व्या अनुच्छेदाने संसदेच्या प्रत्येक सभागृहाला आणि १८७ व्या अनुच्छेदाने राज्यांच्या विधानमंडळांना स्वतंत्र सचिवालयीन सेवकवर्ग दिला आहे. विद्यार्थी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे अनुच्छेद वाचतात आणि विसरतात. कारण ते नोकरभरतीविषयी आहेत असे त्यांना वाटते. वस्तुतः ते दप्तराविषयी आहेत. ज्याची चौकशी चालली आहे त्याच्या हाती चौकशीचे कागद असू नयेत, हे साधे न्यायतत्त्व त्यांत आहे.

हे तत्त्व किती सहज मोडू शकते याचे उदाहरण फार लांबच्या काळातले नाही. अमेरिकेच्या सेनेटची गुप्तवार्ता समिती २००९ पासून काही वर्षे सी.आय.ए.च्या कैदखान्यांची आणि तेथे कैद्यांना दिल्या गेलेल्या छळाची चौकशी करीत होती. समितीच्या सेवकांनी लक्षावधी कागद वाचावयाचे होते आणि ते त्या संस्थेनेच दिलेल्या जागेत, तिनेच पुरविलेल्या संगणकांवर. सेवकांच्या कामाचा भाग वेगळा राहील, त्यात संस्था डोकावणार नाही, अशी समजूत होती. मार्च २०१४ मध्ये समितीच्या अध्यक्षा डायॅन फाइनस्टाइन यांनी सेनेटमध्ये उभे राहून ही समजूत मोडल्याचा आरोप केला. त्याआधीच संस्थेच्या विधी अधिकाऱ्याने समितीच्या सेवकांविरुद्धच न्याय खात्याकडे तक्रार गुदरलेली होती. म्हणजे वाचणारे सेवक आरोपी ठरण्याच्या बेतात होते. त्याच वर्षी जुलैमध्ये संस्थेच्या महानिरीक्षकांच्या चौकशीत निष्पन्न झाले की, संस्थेच्या पाच कर्मचाऱ्यांनी समितीच्या कागदांत अनुचित रीतीने प्रवेश केला होता. संस्थेचे संचालक जॉन ब्रेनन यांना सेनेटरांची क्षमा मागावी लागली. डिसेंबर २०१४ मध्ये अहवालाचा सारांश प्रसिद्ध झाला. मूळ अहवाल सहा हजारांहून अधिक पानांचा आहे; त्यातील जेमतेम पाचशे पाने लोकांच्या हाती आली.

महासत्तेच्या प्रबळ सेनेटची ही कथा. आपली दप्तरे आता कपाटांतून संगणकात जात आहेत. किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असण्याचे दिवस सरले. अशा वेळी विठ्ठलभाईंनी उभा केलेला प्रश्न पुन्हा नव्याने विचारावा लागणार आहे, याची जाणीव ठेवलेली बरी.

एकाच्या मुठीत सेवकवर्ग

सेवकवर्ग सरकारचा नसला म्हणजे सारे भागते काय? तसेही नाही. तो समितीच्या एकट्या अध्यक्षाच्या मुठीत गेला तर काय होते, याचा धडाही अमेरिकेच्याच इतिहासात आहे. जोसेफ मॅकार्थी हे १९५३ साली सेनेटच्या स्थायी चौकशी उपसमितीचे अध्यक्ष झाले. कम्युनिस्टांचा शोध घेण्याच्या नावाखाली त्यांनी जे केले ते सर्वश्रुत आहे. परंतु ते कोणत्या साधनांनी केले हे तितकेसे सर्वश्रुत नाही. त्यांचे मुख्य साधन बंद बैठक हे होते. साक्षीदाराला प्रथम बंद बैठकीत बोलवावयाचे. तेथे तो डगमगला तर त्याला उघड्या बैठकीत लोकांपुढे उभे करावयाचे. तो ठामपणे बोलला तर त्याला पुन्हा न बोलाविणेच बरे. पुष्कळ बैठकांना मॅकार्थींखेरीज दुसरा एकही सेनेटर हजर नसे. बैठक आटोपली की अध्यक्षमहाशय बाहेर येऊन आत काय घडले याची हकीकत आपल्या सोयीने वार्ताहरांना सांगत. खरी हकीकत ज्या कागदांत होती ते बंद होते आणि ते सांभाळणारे सेवक त्यांचेच होते.

जुलै १९५३ मध्ये उपसमितीतील तिन्ही डेमोक्रॅटिक सदस्यांनी समितीवर बहिष्कार टाकला. कारण कोणते? तर सेवक नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार आपला एकट्याचा आहे, असा मॅकार्थींचा हट्ट. वरकरणी पाहता केवढे क्षुल्लक कारण! परंतु त्या तिघांना वर्म बरोबर कळले होते. ज्या समितीचे कागद वाचणारा आपला एकही माणूस नाही, त्या समितीत बसणे म्हणजे दुसऱ्याच्या कृत्याला आपली सही देणे होय. जानेवारी १९५४ मध्ये अल्पसंख्य पक्षाला स्वतःचा कायदा सल्लागार नेमण्याचा अधिकार मान्य झाला, तेव्हाच ते परत आले. त्या जागेवर जो तरुण वकील आला त्याचे नाव रॉबर्ट केनेडी.

त्या बंद बैठकांचे शब्दशः वृत्तान्त पन्नास वर्षांनी, म्हणजे २००३ साली, सेनेटने पाच खंडांत प्रसिद्ध केले. संगीतकार ॲरन कोपलँड यांची मे १९५३ मधील साक्ष त्यांत आहे. त्यांना उघड्या बैठकीत कधीच बोलाविण्यात आले नव्हते. आपण त्या खोलीत काय उत्तरे दिली हे जगाने मूळ कागदातून वाचले, तेव्हा कोपलँड हयात नव्हते; १९९० सालीच ते वारले होते. दप्तर उशिरा उघडण्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडची स्थिती वेगळी आहे. समितीच्या सदस्याला आपले स्वतःचे अभ्यासक सेवक नसतात. एकच सचिवालय सर्व पक्षांच्या सदस्यांची सेवा करते. या पद्धतीत निःपक्षपातीपणाची मोठी शक्यता आहे आणि आपल्या सचिवालयांतील अनेकांनी ती आयुष्यभर जपली आहे. १९६७ पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेतही आपण पाळीत आलो आहोत. मिनू मसानी हे त्या मालिकेतील पहिले. तथापि निःपक्षपाती सेवकालाही आधार लागतो तो लेखी नियमाचा. अध्यक्षांनी ‘हे कागद अमक्या सदस्याला दाखवू नका’ असे तोंडी सांगितले, तर त्याने काय करावे? नियम हाती असेल तर तो नम्रपणे त्याकडे बोट दाखवील. नियम नसेल तर तो गप्प बसेल. आणि त्याच्या गप्प बसण्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

फुटलेला कागद आणि लहान माणूस

दप्तराच्या या कथेत आणखी एक पात्र आहे; ते म्हणजे फुटलेला कागद. एप्रिल २०११ मध्ये दूरसंचार परवान्यांच्या प्रकरणावरील लोकलेखा समितीच्या अहवालाचा मसुदा समितीने स्वीकारण्यापूर्वीच वृत्तपत्रांत आला. समितीत वादळ झाले. मसुदा कोणी फोडला, यावर आरोप-प्रत्यारोप झाले. अध्यक्ष मुरली मनोहर जोशी यांनी तो अहवाल सभापतींकडे पाठविला आणि सभापती मीरा कुमार यांनी तो परत केला. समितीचे कामकाज गोपनीय असून ते ज्याला ज्याला पाहावयास मिळते त्याने ते वृत्तपत्रांना कळवू नये, असे सभापतींचे निर्देश सांगतात. म्हणजे बंधन सदस्यावर आहे तसेच सेवकावरही आहे. परंतु कागद फुटला की मोठ्या माणसाला विशेषाधिकार असतो, पक्ष असतो, वकील असतो. टंकलेखकापाशी काय असते?

अमेरिकेत १९७६ साली असेच घडले. गुप्तवार्ता संस्थांची चौकशी करणाऱ्या पाइक समितीचा अहवाल प्रसिद्ध करू नये, असे प्रतिनिधिगृहाने १२४ विरुद्ध २४६ मतांनी ठरविले. पंधरवड्याच्या आत तो न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात छापून आला. तो मिळवून देणारा वार्ताहर डॅनियल शोर याने सभागृहाच्या नीतिमत्ता समितीपुढे आपल्या सूत्राचे नाव सांगण्यास नकार दिला. सदस्यांना आणि सेवकांना विचारपूस झाली, महिनोन्‌महिने चौकशी चालली; पण अहवाल कोणी दिला हे सिद्ध झाले नाही. सिद्ध न झालेला संशय हा सेवकांच्या डोक्यावर फार दिवस तरंगत राहतो.

या अनुभवातून जी घडी बसली ती अभ्यासण्याजोगी आहे. मे १९७६ मध्ये सेनेटने गुप्तवार्तेसाठी कायमची समिती नेमली, तेव्हा तिच्या स्थापनेच्या ठरावातच सेवकांच्या प्रवेशाचा नियम घातला. समितीच्या सेवकाने सेनेटचे नियम पाळण्याचे लेखी व शपथपूर्वक मान्य केल्याखेरीज आणि त्याची योग्य ती तपासणी झाल्याखेरीज त्याला गुप्त कागद दाखवू नयेत. हा नियम कडक आहे. परंतु कडक नियमाचा एक गुण असा की, तो दोन्हीकडे चालतो. ज्याने अटी पूर्ण केल्या त्याला कामापुरता कागद नाकारण्यासाठी कारण द्यावे लागते. आणि ज्याने कागद पाहिलाच नाही त्याच्यावर आळ घेता येत नाही. कोणी कोणता कागद केव्हा पाहिला याची साधी नोंदवही असली, तरी संशयाची वर्तुळे निम्म्याने लहान होतात. आपल्या ग्रंथालयांत एक पुस्तक घरी न्यावयाचे तर नाव, तारीख आणि सही लागते. लोकशाहीच्या दप्तराला त्याहून कमी शिस्त लागू करणे बरे नव्हे.

वर्षांची मर्यादा

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. हे कागद लोकांना कधी वाचावयास मिळतील? अमेरिकेच्या सेनेटने १९८० साली ठराव करून सर्वसाधारण कागदांना वीस वर्षांची आणि नाजूक कागदांना पन्नास वर्षांची मर्यादा घातली. प्रतिनिधिगृहाच्या नियमात ती अनुक्रमे तीस आणि पन्नास वर्षांची आहे. बंद सुनावणीचे कागद पन्नासांत मोडतात. ही मुदत लांब आहे असे कोणी म्हणेल आणि ते बरोबरही असेल. परंतु मुदत आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दिनदर्शिका पाहून सांगता येते की, अमुक साली मी तो कागद मागू शकेन.

आपल्या २७५ व्या नियमात अशी कोणतीही मुदत नाही. जे पटलावर ठेवले गेले नाही ते सभापतींच्या अनुमतीवाचून बंद. आज बंद आणि पन्नास वर्षांनीही बंद. २००५ सालच्या माहिती अधिकाराच्या कायद्याने या स्थितीत फरक पडावयास हवा होता. परंतु ज्या माहितीमुळे संसदेच्या वा विधानमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल ती देण्याचे बंधन नाही, असे त्याचे आठवे कलम सांगते. त्याच कलमात पुढे एक उदार तरतूद आहे : वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती बहुतेक अपवाद बाजूला सारून द्यावी. मात्र तीन अपवाद वीस वर्षांनंतरही कायम ठेवले आहेत आणि विशेषाधिकारभंग हा त्या तिनांपैकी एक आहे! सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येईल असे कायदा म्हणतो खरे. परंतु ते हित मोठे आहे की नाही हे प्रथम ठरविणार तो त्याच सचिवालयातील अधिकारी. त्या बिचाऱ्याने विशेषाधिकारभंगाचा धोका पत्करून दार कशाला उघडावे? संविधानाच्या १०५ व्या आणि १९४ व्या अनुच्छेदांनी विशेषाधिकारांची कायद्याने व्याख्या करण्याचा मार्ग मोकळा ठेवला होता. तो कायदा कोणीच केला नाही. त्यामुळे विशेषाधिकाराची सीमा कोठे संपते हे त्या अधिकाऱ्यालाही ठाऊक नाही.

आणि तरी बंद समितीचे कागद उघडे झाल्याने राष्ट्राचा किती लाभ होतो याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशात आहे. संविधान सभेची चर्चा उघड चालली आणि छापली गेली. पण तिच्या समित्या व उपसमित्या बंद दाराआड बसत. त्यांची इतिवृत्ते, टिपणे आणि मतभिन्नतेच्या पत्रिका बी. शिवराव यांनी संपादित करून १९६६ नंतर अनेक खंडांत प्रसिद्ध केल्या. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत समान नागरी कायद्याचे कलम न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्यास १९४७ साली मिनू मसानी, हंसा मेहता आणि राजकुमारी अमृत कौर यांनी विरोध नोंदविला होता, हे आज विद्यार्थ्याला ठाऊक असते ते त्या कागदांमुळे. त्या तिघांचे मत बहुमताने फेटाळले गेले. परंतु ते पुसले गेले नाही. कोणीतरी ते टिपले, जपले आणि योग्य वेळी उघडे केले. त्यामुळे संविधानाचे कोणते नुकसान झाले? उलट त्याची प्रतिष्ठाच वाढली.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत समारोपाचे भाषण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुद्याच्या श्रेयाचा वाटा बी. एन. राव यांना आणि एस. एन. मुखर्जींना दिला. एवढेच करून ते थांबले नाहीत. मुखर्जींच्या हाताखालील सेवकांचा त्यांनी आवर्जून उल्लेख केला आणि ते कधी कधी मध्यरात्र उलटून जाईपर्यंत राबत होते हे सभागृहाला सांगितले. दप्तराचे मोल आणि दप्तर वाहणाऱ्याचे मोल एकाच श्वासात ओळखणारा असा पुरुष विरळा.

याच्या उलट चित्र आपल्या पुण्यात होते. पेशवे दप्तर इंग्रजी अमदानीत दीर्घकाळ स्वतंत्र अभ्यासकांना जवळजवळ बंदच राहिले. कागद होते, ते सांभाळणारे सरकारी नोकरही होते. पण ज्यांच्या पूर्वजांचा तो इतिहास त्यांनी दारात तिष्ठत राहावयाचे. १९३० नंतर रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले, तेव्हा मराठी इतिहासाचा कितीतरी भाग नव्याने पाहावा लागला. स्वराज्यातील विधानमंडळांच्या दप्तरांविषयी आपल्या नातवंडांनी तीच तक्रार करावी काय?

काय करावयास हवे

एक आक्षेप येईल तो रास्त आहे. आपले बोलणे पुढे कधीतरी लोक वाचणार, असे कळले तर अधिकारी बंद खोलीतही मोकळेपणाने बोलणार नाहीत. परंतु पन्नाशीतल्या अधिकाऱ्याला पंचवीस वर्षांनंतरची कसली भीती? तोवर त्याची बढती झालेली असेल, निवृत्ती झालेली असेल, त्याचा मंत्रीही इतिहासजमा झालेला असेल. उलट, आपण केलेला विरोध एक दिवस लोकांना कळेल हा विश्वास सचोटीच्या अधिकाऱ्याला बळच देईल. जो फक्त खोटे बोलण्याच्या तयारीने येतो, त्याला मात्र ही मुदत जाचेल आणि ती जाचलेलीच बरी.

करावयाच्या गोष्टी मोठ्या नाहीत, खर्चाच्या तर मुळीच नाहीत. लोकसभेने, राज्यसभेने आणि आपल्या विधानमंडळाने बंद बैठकांच्या दप्तराविषयी एक स्वतंत्र नियम करावा. कोणत्या दर्जाच्या सेवकाने, कोणत्या कामासाठी, कोणते कागद पाहावे हे त्यात लिहिलेले असावे. समितीच्या प्रत्येक सदस्याला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या समितीचे जुने कागद सचिवालयात बसून वाचण्याचा समान हक्क असावा आणि त्या कामी त्याला मदत करणाऱ्या सेवकावर दोष येऊ नये. पाहणाऱ्याची नोंद व्हावी. नकार द्यावयाचा तर तो लेखी आणि सकारण द्यावा. सरकारी खात्याला साक्षीची प्रत हवी असेल, तर स्वतःच्या साक्षीच्या दुरुस्तीपुरतीच मिळावी. आणि पंचवीस वर्षांनी सर्वसाधारण कागद, पन्नास वर्षांनी व्यक्तींच्या अब्रूशी संबंधित कागद, आपोआप अभ्यासकांना खुले व्हावेत. त्यापूर्वी अथवा त्यानंतर काही बंद ठेवावयाचे असेल, तर सभापतींनी त्याची कारणे नोंदवावीत.

मेजाच्या टोकाला बसलेला तो प्रतिवेदक आजही लिहीत असेल. त्याच्या वहीत कोणा अधिकाऱ्याची कबुली असेल, कोणा सदस्याचा एकाकी विरोध असेल, एखाद्या गावच्या धरणाचा, शाळेचा वा रेशनच्या धान्याचा खरा हिशेब असेल. तो ते इमानाने लिहितो. कारण ते त्याचे काम आहे. ते कागद पुढे कोण वाचणार हे त्याला आज सांगता येत नाही. त्याला ते सांगता यावे एवढा एक नियम करणे, हे ज्यांना आपण निवडून दिले आहे त्यांचे काम आहे.